साथीच्या काळातला स्वच्छतेचा सौदा

धान्य घेताना गिऱ्हाईक मूठभर दाणे हातात घेऊन पाहते. कापड बोटांत चोळून पाहता येते. मासळीचे कल्ले उघडून ती ताजी की शिळी, हे आपल्या किनाऱ्यावरचे लहान पोरही सांगते. स्वच्छतेचा माल मात्र असा पारखता येत नाही. खोली धुतली, औषध फवारले, वास आला. पण रोगाचे जंतू गेले की नाही हे ना धुणाऱ्याला दिसते, ना पैसे देणाऱ्याला. एरवी याने फारसे बिघडत नाही. साथ आली म्हणजे मात्र याच न दिसणाऱ्या मालाला सर्वांत जास्त मागणी येते आणि तो घेणारा सर्वांत जास्त घाबरलेला असतो. घाबरलेला माणूस घासाघीस करीत नाही, प्रश्नही विचारीत नाही. अशा वेळी विकणाऱ्याने काय बोलावे आणि काय बोलू नये, हा प्रश्न निव्वळ धंद्याचा राहत नाही, तो ईमानाचा होतो. या प्रश्नाची खरी आणि खोटी, दोन्ही उत्तरे आपल्याच इतिहासात सापडतात.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मांडवी ही धान्याच्या गोदामांची वस्ती. शहराची लोकसंख्या तेव्हा आठ लाखांच्या आसपास होती. पुढच्या काही महिन्यांत त्यातले जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले. कोकणातल्या माणसासाठी मुंबई सोडणे म्हणजे गलबत, पडाव किंवा आगबोट धरून रेवस, धरमतर, रेवदंडा, मुरूड नाहीतर श्रीवर्धनकडे येणे. आजच्या रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते आणि मुरूड-श्रीवर्धनचा मुलूख त्या काळी जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांच्या संस्थानात मोडत होता. गोदीत आणि जहाजांवर काम करणाऱ्या कितीतरी कोकणी मुसलमानांची घरे याच पट्ट्यातली. माणसांबरोबर गाठोडी आली, पोती आली आणि साथही कुलाबा जिल्ह्यात उतरली.

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे मात्र कुणालाच नक्की ठाऊक नव्हते. घाण, ओल, कोंदट हवा आणि गर्दी यांवर सगळा संशय होता. म्हणून शहर धुऊन काढायचे ठरले. गटारांत कार्बोलिक आम्ल मिसळलेले पाणी सोडले गेले. घरांच्या भिंतींना चुना मारला. जमिनी खणल्या, उजेड आत यावा म्हणून छपरांची कौले काढली, आजाऱ्यांची अंथरुणे-पांघरुणे जाळली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांच्या भिंतींवर तशी अक्षरे रंगवली गेली.

कार्बोलिकचा दबदबा त्या वेळी मोठा होता. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग दाखवून दिला होता आणि त्यामुळे जखमा सडून मरणाऱ्यांचे प्रमाण खरोखर घटले होते. पुढे तेच द्रव्य साबणात आले. लिव्हर बंधूंचा लाइफबॉय हा कार्बोलिकचा साबण १८९५ च्या सुमारास, म्हणजे प्लेगच्या जेमतेम वर्षभर आधी, हिंदुस्थानात विक्रीला आला. जंतुनाशक साबण अशीच त्याची ओळख होती. दवाखान्याचा वास अशा रीतीने घराच्या मोरीत आला. उग्र वास आला म्हणजे रोग गेला, ही समजूत तेव्हापासून आपल्या डोक्यात घट्ट बसली. आजही पुसलेल्या फरशीला फिनेलचा वास आला नाही, तर ती धुतल्यासारखी वाटत नाही.

प्लेगचे खरे कारण मात्र या वासाच्या आवाक्याबाहेर होते. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवून दिले, की हा रोग उंदरावरच्या पिसवा पसरवतात. बराच काळ त्यांचे कुणी मनावर घेतले नाही. मुंबईत ग्लेन लिस्टन आणि त्यानंतर १९०५ पासून प्लेग आयोगाच्या शास्त्रज्ञांनी प्रयोग केले, तेव्हा कुठे ती गोष्ट मान्य झाली. गटारांत औषध ओतल्याने तिथले उंदीर उठून घराघरांत शिरले असावेत, असे पुढच्या काळातल्या अभ्यासकांचे मत आहे. चुना मारलेले घर स्वच्छ होते, यात शंका नाही. पण ते प्लेगपासून सुरक्षित होतेच असे नाही.

इथे दोन वाक्ये वेगळी करून पाहिली पाहिजेत. ‘हे घर मी धुतले आहे’ हे पहिले. ‘या घरात आता रोग येणार नाही’ हे दुसरे. पहिले वाक्य धुणारा गवाही म्हणून सांगू शकतो. त्याने पाणी आणले, चुना कालवला, भिंत रंगवली. त्याचे डोळे आणि हात साक्षीला आहेत. दुसरे वाक्य गैबची बात आहे. साथीच्या बाजारात ही दोन वाक्ये एका दमात म्हटली जातात. गिऱ्हाईक मजुरी पहिल्या वाक्याची देते आणि समाधान मानते ते दुसऱ्याचे.

म्युनिसिपालिटीने त्या वेळी कुणाला फसवले, असे म्हणता येणार नाही. त्या काळच्या समजुतीप्रमाणे तिने काम केले. चूक झाली ती सक्तीत. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला आणि घरात शिरून माणूस उचलण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पुण्यात रँडच्या कारभाराचे काय झाले, ते आपण शाळेत शिकतो. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्याच्या मुसलमान विणकरांच्या मोहल्ल्यात एका आजारी मुलीला नेण्यावरून दंगल उसळली, हे मात्र फारसे शिकवले जात नाही. ते लोक स्वच्छतेचे वैरी नव्हते. पाच वेळा वजू करणारा माणूस पाण्याचा वैरी कसा असेल? दारात येणाऱ्याच्या शब्दावर त्यांचा भरवसा उरला नव्हता, इतकेच.

त्याच मुंबईत, त्याच काळात, भरवसा कमावणारा एक माणूस होता. वाल्देमार हाफकिन, रशियाच्या साम्राज्यातून आलेला यहुदी शास्त्रज्ञ. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत त्याने प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना टोचली आणि टोचलेले व न टोचलेले अशा दोन्ही गटांचे आकडे समोर ठेवले. टोचल्यावर ताप येतो, अंग दुखते, हे त्याने लपवले नाही. लस घेतल्यावर प्लेग होणारच नाही, असेही तो म्हणाला नाही. धोका कमी होतो, एवढेच म्हणाला. तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांनी लोकांसमक्ष लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली एक वास्तू दिली. त्यानंतर त्यांच्या जमातीतले पुष्कळ लोक पुढे आले. सक्तीला जे साधले नाही ते इथे साधले. परळच्या ज्या जुन्या राजभवनात हाफकिनची प्रयोगशाळा १८९९ मध्ये गेली, त्या संस्थेला १९२५ मध्ये त्याचे नाव मिळाले.

पुढे त्याच्यावर जे बालंट आले त्याचाही संबंध धुण्या-पुसण्याशीच आहे. १९०२ च्या ऑक्टोबरअखेरीस पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली आणि त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. हाफकिनच्या प्रयोगशाळेत लसीत कार्बोलिक घालणे बंद करून उष्णतेने शुद्धी करण्याची पद्धत आणली होती. चौकशीत बोट त्याकडेच दाखवले गेले आणि हाफकिनचे पद गेले. खरी हकिकत नंतर पुढे आली. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर धरून तापवायला हवा होता. त्याऐवजी कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुचकळून वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू तेवढ्याने मरत नाहीत. अखेर १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरला. चिमटा बुचकळताना पाहणाऱ्या कुणालाही तो स्वच्छ झाला असेच वाटले असेल. स्वच्छतेचा देखावा आणि स्वच्छता यांतले अंतर किती जीवघेणे असते, हे यावरून दिसते.

आपल्या परंपरेत व्यापाराबद्दलची एक गोष्ट सर्वांना माहीत आहे. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला. वरचे दाणे कोरडे होते, आतले ओले लागले. विचारल्यावर विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. तेव्हा, भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी त्याला सुनावले आणि फसवणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले. या गोष्टीत पाऊस पडणे हा गुन्हा नाही. ओले धान्य विकणे हाही गुन्हा नाही. गुन्हा आहे ओल खाली दडवण्याचा. स्वच्छतेच्या धंद्याला हाच नियम लावून पाहावा. औषधाला मर्यादा असणे हा दोष नव्हे. ती मर्यादा वासाखाली, पांढऱ्या पोशाखाखाली आणि मोठ्या अक्षरांखाली दडवणे हा दोष होय.

या सौद्यात आणखी एक धोका आहे आणि तो मालापेक्षा माणसाशी निगडित आहे. घाण म्हटली की ती कुणाची, हा प्रश्न मागोमाग येतो. त्याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्या तळ्यावर मुसलमानांना मज्जाव नव्हता, जनावरांनाही नव्हता. मज्जाव अस्पृश्यांना होता. सत्याग्रहानंतर सनातनी मंडळींनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे १०८ घडे तळ्यात ओतून त्याची ‘शुद्धी’ केली. पाण्यात कसली घाण होती? घाण ठरवली गेली ती माणसाच्या स्पर्शात. त्या दिवशी मार खाणाऱ्या सत्याग्रहींना महाडच्या मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला आणि डिसेंबरच्या परिषदेसाठी जागा मिळेना तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. कुणाला धुतले जात आहे हे ज्यांना ओळखता आले, त्यांच्या ओळीत आपले पूर्वज उभे होते, ही नोंद आपण जपली पाहिजे.

या दोन्ही खोटेपणांची परीक्षा २०२० मध्ये नव्याने झाली. मार्च महिन्यात भिवंडीतल्या एका गादीवाल्यावर, कोरोनाला रोखणारी गादी अशी जाहिरात वर्तमानपत्रात दिल्याबद्दल गुन्हा नोंदवला गेला. गादीची किंमत १५,००० रुपये होती. चौकाचौकांत फवाऱ्याचे बोगदे उभे राहिले. मार्चअखेर बरेलीत गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर क्लोरीनचे पाणी मारले गेले. माणसांवर अशी फवारणी करू नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिलला सांगितले; जागतिक आरोग्य संघटनेनेही मे महिन्यात तेच सांगितले. ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने बोगद्यांवर बंदीचे निर्देश काढण्यास केंद्राला फर्मावले. तोवर कितीतरी बोगदे विकून झाले होते. पृष्ठभागाला हात लागून हा आजार होण्याचा धोका फार थोडा आहे, तो मुख्यतः श्वासावाटे पसरतो, हे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये स्पष्ट केले. खिडकी उघडण्याचे पैसे कुणाला मिळत नाहीत. म्हणून खिडकीची जाहिरात झाली नाही, फवाऱ्याची झाली.

दुसरा खोटेपणाही मागे राहिला नाही. मे २०२० मध्ये केंट कंपनीने कणीक मळण्याच्या यंत्राची जाहिरात काढली. मोलकरणीच्या हाताने कणीक मळू देता का, तिच्या हातांना संसर्ग असेल, असा तिचा रोख होता. ओरड झाल्यावर कंपनीने माफी मागून जाहिरात मागे घेतली. दिवसभर दुसऱ्यांची भांडी घासून ज्या बाईचे हात सर्वांत जास्त वेळ साबणात असतात, तिचेच हात संशयित ठरले. आपल्या वाट्याला त्या वसंतात काय आले, हे वेगळे सांगायला नको. निजामुद्दीनच्या तबलिगी मरकजनंतर भाजीवाल्याचे नाव विचारून भाजी घेणारे लोक दिसू लागले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना, त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे मत नोंदवले. त्याआधी मे महिन्यात, वांद्र्याच्या कोकणी मुस्लीम जमातीच्या आणि शेजारच्या कब्रस्तानांतल्या दफनाला झालेला विरोध त्याच न्यायालयाने फेटाळला होता. मय्यत दफन केल्याने साथ पसरते याला शास्त्रीय आधार नाही, असे सांगून. न्यायालयाने विचारले ते पुराव्याचे. हाच प्रश्न भाजीच्या गाडीपाशी कुणी विचारला नव्हता.

मात्र त्याच महिन्यांत वेगळे वागणारेही होते. १८९५ पासून इथे असलेल्या लाइफबॉयनेच मार्च २०२० मध्ये अशी जाहिरात दिली, की हात धुवा, आमच्याच साबणाने नव्हे तर जवळ असेल त्या साबणाने. आणि त्यात प्रतिस्पर्धी साबणांची नावेसुद्धा घेतली. यात कंपनीचा हिशेब असेलच. पण सांगितलेली गोष्ट खरी होती. कोरोनाच्या विषाणूचे बाहेरचे आवरण स्निग्ध असते आणि ते मोडायला कुठलाही साबण पुरतो. त्याच महिन्यात सरकारने मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंत घातले आणि २०० मिलिलिटर सॅनिटायझरची कमाल किंमत १०० रुपये ठरवून दिली. टंचाईत माल दाबून भाव चढवण्याला आपल्या फिकहने शतकांपूर्वी मनाई केली आहे. त्यासाठी सरकारी हुकमाची वाट पाहावी लागू नये.

हे लिहिताना विकणाऱ्याची बाजूही विसरता येत नाही. आपल्या किनाऱ्यावर मार्चपासून पर्यटक बंद झाले आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबागची छपरे आणि सुपारीच्या बागा झोपवल्या. आखातातल्या नोकऱ्या गेलेली मुलेही त्याच सुमारास परतत होती. अशा वेळी ‘घरगुती जेवण व राहण्याची सोय’ या पाटीखाली कुणी ‘खोल्या पूर्णपणे कोरोनामुक्त’ असे लिहिले, तर त्यामागे लोभच होता असे म्हणवत नाही, पोट होते. कुणी पंप विकत घेऊन घरे-दुकाने फवारण्याचे काम सुरू केले, तर तीही हलाल कमाईची धडपडच होती. पण गरज खरी असली म्हणून दावा खरा होत नाही. ओल्या धान्याच्या मालकाचेही पोट होतेच.

स्वच्छतेच्या कामाला स्वतःची अशी किंमत आहे आणि ती भीतीशिवाय सांगता येते. २२ जुलै २०२१ च्या महापुराने महाडच्या घरांत आणि दुकानांत चिखल भरला. तो काढायला इतर शहरांतून महानगरपालिकांचे सफाई कामगार आले, स्वयंसेवक आले. पुराच्या गाळात लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा असतो, म्हणून तिथे सफाई हेच औषध होते. ते लोक चिखल उपसत होते आणि चिखल गेलेला दिसत होता. दावा आणि काम यांत अंतर नव्हते. ज्यांनी गमबूट आणि हातमोज्यांशिवाय तिथे हात घातला असेल, त्यांचा हिशेबही या नीतिशास्त्रात धरायला हवा. गिऱ्हाइकाला सुरक्षित वाटावे म्हणून जो कामगार झाकला जातो आणि गिऱ्हाईक पाहत नसताना जो उघड्या हातांनी औषध कालवतो, त्याच्या अंगाची सफाई कोण करणार?

तहारतचा धडा आमच्या उर्दू शाळांत लहान वर्गांपासून शिकवला जातो. त्यात पाणी येते, नीयत येते आणि पाणी कमी असेल तेव्हा उधळू नये हेही येते. त्याला जोडून व्यवहाराचा एक छोटा धडा मोठ्या मुलांना द्यावा असे वाटते. पुढची साथ येईल तेव्हा यांतलीच काही मुले पाठीवर पंप घेऊन लोकांच्या दारात उभी असतील आणि काही त्यांना दार उघडत असतील. त्यांच्या पावतीवर चार ओळी असाव्यात. काय धुतले आणि कशाने धुतले. हे औषध कशावर चालते आणि कशावर चालत नाही. साथ नसताना या कामाचा दर काय होता आणि आज काय आहे. ज्याने काम केले त्याला हातमोजे दिले होते की नाही.

या चारांत पाचवी ओळ नाही. ‘आता तुमच्या घरात आजार येणार नाही’ ही ओळ छापण्याचा हक्क १८९६ च्या चुना मारणाऱ्याला नव्हता, हाफकिनने तो स्वतःकडे घेतला नाही आणि उद्याच्या पंपवाल्यालाही तो नसेल. एखादे गिऱ्हाईक तेवढ्यावरून दुसरीकडे जाईल. जाऊ द्यावे. जे थांबेल त्याला आपण नक्की काय विकले, हे उद्या कुणी विचारले तर सांगता येईल.